साठ ते सत्तर

बेसिनवरच्या फळीवर, त्याच्या दाढीच्या ब्रशाला खेटून, काचेच्या ग्लासात एक कवळी ठेवलेली होती. वरची आणि खालची, पूर्ण. तो नुकताच उठलेला, एक पाय अजून झोपेतच, त्यामुळे त्याला आधी वाटलं आपण कामावर आहोत, आणि सवयीने त्याने ग्लास दिव्याकडे धरून काम तपासलं. वरच्या कवळीची मध्यरेषा केसभर डावीकडे सरकली होती. पुढचे दात फार पांढरे, सगळे एका उंचीचे, कवायतीला उभे केलेले. खालच्या कवळीचा डावा मागचा कोपरा चांगला दोन मिलिमीटर लांब राहिला होता. तिथे हिरडी सोलवटून निघत असणार. कोणत्या गाढवाने केलंय हे, असं तो मनात म्हणाला, आणि मग हातातला ग्लास एकदम जड झाला. घरात तीनच माणसं होती. तो स्वतः, आणि परक्या मुलखातलं त्याचं घर पहिल्यांदाच बघायला म्हणून काल विमानातून उतरलेले त्याचे आईवडील. आईचे दात आईचेच होते. तिने काल आल्या आल्या टेबलावरचा अक्रोड दाढेखाली धरून फोडला होता आणि वर म्हणाली होती, तुझ्याकडे काही हत्यार नसेल तर माझी दाढ आहे. त्याने ग्लास फळीवरच्या ओल्या वर्तुळात बरोबर होता तसा बसवला, पाय न वाजवता बाहेरच्या खोलीत आला आणि सोफ्यावर पांघरुणात शिरून झोपेचं सोंग घेतलं. अकरा वर्षं तो लोकांच्या कवळ्या करत होता आणि आपल्या वडिलांना कवळी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळाने आतल्या खोलीचं दार वाजलं. वडिलांची चाल, जरा थांबत, भिंतीला हात लावत. बाथरूमचा दिवा, पाणी, खाकरणं. मग ते बाहेर येऊन खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, "उठलास का रे? सगळा रस्ता सामसूम आहे. सुट्टी ना सगळ्यांना." एवढ्याशा बोलण्यात सात 'स' होते, त्याने पांघरुणाआडून मोजले, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे एक बारीक शिट्टी होती. वरची कवळी पुढून, टाळूपाशी पातळ राहिली की अशी शिट्टी येते. त्याच्या धंद्यात हे पहिल्या महिन्यात शिकवतात. काल विमानतळावर, टॅक्सीत, जेवताना हे सात-सात 'स' किती वेळा त्याच्या कानावरून गेले असतील, आणि तो सामान मोजत होता, भाड्याची गादी नीट पसरत होता, हीटर कसा लावायचा ते समजावून सांगत होता. "उठलो," तो म्हणाला, आणि उठला.

तो काम करायचा ती लॅब एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली दंतवैद्य लोकांच्या तोंडांत डोकावायचे आणि वर हा आणि आणखी दोघं त्या तोंडांचे प्लास्टरचे साचे पुढ्यात घेऊन मेणात दात बसवायचे. माणूस वर यायचाच नाही, नुसता साचा यायचा, नंबराच्या चिठ्ठीसकट. पण लॅबचा म्हातारा उस्ताद, ज्याने त्याला हे काम हाताला धरून शिकवलं, तो त्याला जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा करायचा आणि खाली नवी कवळी घातलेला कोणी बोलायला लागला की म्हणायचा, बघू नकोस, ऐक. खाली त्या माणसाला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावत असत. इथल्या भाषेतही साठीचे आकडे आपल्यासारखेच 'स'कारांनी गच्च भरलेले होते. कवळी ढिली असली की टकटक, जाड असली की बोबडेपणा, पातळ असली की शिट्टी. दोन-तीन वर्षांत त्याचा कान इतका तयार झाला की बसमध्ये मागच्या सीटवरची बाई हवापाण्याबद्दल बोलत असली तरी याला तिची खालची कवळी ऐकू यायची. एका रविवारी फोनवर त्याने ही फुशारकी वडिलांपुढे मारलीही होती. "माणूस नुसता बोलला ना, अण्णा, तरी मी सांगतो दात खरे का खोटे. साठ ते सत्तर म्हणायला लावायचं. पितळ उघडं."

"असं?" अण्णा म्हणाले होते. आणि थोडं थांबून, "असं होय."

सुट्टीचे दिवस सुरू झाले आणि एकमेकांत विरघळत गेले. वर्ष संपत आलं होतं, दुकानं अर्धी बंद, ट्राम रिकाम्या, आकाश सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच रंगाचं, त्यामुळे सोमवार केव्हा संपला आणि मंगळवार केव्हा लागला ते कॅलेंडरच सांगत असे. दोन खोल्यांच्या त्या घरात कधी नव्हे ते तीन जणांचे श्वास होते. काचा आतून धुकटत. आईने पहिल्याच दिवशी डब्यांची जागा बदलली होती आणि तो साखरेसाठी हात घाली तिथे मीठ लागे. अण्णा खोल्या पावलांनी मोजत. जन्मभर मोजणी खात्यात काढली, साखळी आणि फीत घेऊन दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, सुंभ जळला तरी पीळ कसा जाईल. "बाहेरची खोली आतल्यापेक्षा अर्ध्या पावलाने मोठी आहे," ते म्हणाले. "घरमालकाला माहीत आहे का?" तो हसला आणि हसता हसता त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि अण्णांनी ओठ मिटून घेतले. दिवसभर हेच चाललं होतं. तो ऐकत होता. चहा पिताना, बूट घालताना, जिना चढताना तो नुसता ऐकत होता, इतका की ते काय बोलतात इकडे त्याचं लक्षच नसे.

मग फोनवर का ऐकू आलं नाही? सोफ्यावर पडल्या पडल्या, धुकटलेल्या काचेकडे बघत तो हे पुन्हा पुन्हा स्वतःला विचारत असे. दर रविवारी सकाळी फोन यायचा. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, नळ सोडलेला, आठवड्याची भांडी बेसिनमध्ये, आणि पलीकडून अण्णांचे आकडे. आज बागेला सहासष्ट फेऱ्या मारल्या. आज वजन सदुसष्ट भरलं. समोरच्या इमारतीचा जिना साठ पायऱ्यांचा समजत होतो, एकसष्ट निघाला. हा इकडे हं हं करत कढई घासायचा. म्हाताऱ्याचा चाळा, चालायचंच. शिवाय त्याला वाटायचं की आवाज तोच आहे. लहानपणी एकदा सुट्टीत अण्णा त्याला मोजणीला घेऊन गेले होते. नांगरलेलं लांबच लांब शेत, या टोकाला झाडाखाली वही घेऊन बसलेला कारकून, आणि अगदी पलीकडे, बोटाएवढे दिसणारे अण्णा. फीत ताणून ते आकडा पुकारत आणि तो आकडा ढेकळांवरून चालत इकडे येई, एकही अक्षर न सांडता. संध्याकाळी परत येताना त्याने विचारलं होतं, एवढं ओरडता कशाला. अण्णा म्हणाले होते, आकडा चुकला की बांध सरकतो, आणि बांध सरकला की भाऊ भावाला ओळखत नाही. तो आवाज त्याच्या कानात कायमचा बसला होता. गेली किती तरी वर्षं फोनवर तो तोच ऐकत असणार, आणि खरा आवाज दाराबाहेर ताटकळत असणार. ही कल्पना त्याला सहन होईना, म्हणून तो उठून चहा टाकायला गेला आणि साखर म्हणून मीठ घातलं.

त्याने स्वतःपुरता एक खुलासा तयार केला होता. दंतवैद्यकीला त्याचा प्रवेश थोडक्या गुणांनी हुकला तेव्हा त्याने हा दात बनवण्याचा अभ्यासक्रम धरला होता, आणि जेवताना त्याने ते घरात सांगितलं तेव्हा अण्णा पानावरून मान वर न करता म्हणाले होते, "म्हणजे लोकांच्या तोंडात हात घालून पोट भरणार." पुढे कोणी काही बोललं नव्हतं. तो शिकला, इथे आला, राहिला. खरं तर अकरा वर्षांत त्याने एकाच्याही तोंडात हात घातलेला नव्हता. ते काम खालच्या मजल्यावरच्यांचं. हे अण्णांना सांगायचं राहून गेलं होतं, कारण ते वाक्य आपल्याला आठवतं हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं. आता तेच अण्णा कोणत्या तोंडाने मुलाला म्हणणार की माझे दात गेले, करून दे? लाज वाटली असेल. मग आपण कशाला उघडं पाडायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तो सकाळी मुद्दाम उशिरा उठू लागला, म्हणजे ग्लास उचलायला त्यांना वेळ मिळावा. आपण किती समजूतदार आहोत असंही त्याला थोडं वाटलं, खोटं कशाला बोला.

पण दुखत होतं. ते त्याला दिसत होतं आणि तेच खुपत होतं. अण्णा उजवीकडून चावत. पावाच्या कडा काढून बशीखाली सरकवत. सफरचंद चिरून पुढे केलं की "तू घे, मला थंड बाधतं" म्हणत. बोलता बोलता जीभ डाव्या गालात जाई आणि डोळा किंचित बारीक होई. गुरुवारचं विमान होतं. काम अर्ध्या तासाचं. तेवढं झालं नाही तर तो कोपरा त्यांच्याबरोबर परत जाणार होता आणि घास घासाला त्यांना टोचणार होता. तिकडे नवीन कोणाकडे ते थोडेच जाणार, त्यांचा स्वभाव त्याला माहीत होता. मंगळवारी आई भात घोटत उभी असताना तो हळूच तिच्याजवळ गेला.

"आई, अण्णा डावीकडून चावत नाहीत."

"दिसलं का तुला?" तिने पळी थांबवली नाही. "मग त्यांना विचार. मला कशाला विचारतोस?"

"तू सांग ना."

"मला शपथ घातलीय. तू विचारल्याशिवाय विषय काढायचा नाही."

"त्यांना बरं नाही वाटणार मी विचारलं तर."

आईने त्याच्याकडे पाहिलं, लहानपणी गणित चुकलं की पाहायची तसं. "तुम्ही दोघं ना," ती म्हणाली. "एकाने तोंडाला कुलूप घालायचं, दुसऱ्याने किल्ली खिशात ठेवून दार बघत बसायचं. सरक, हात भाजेल."

त्यातलं कुलूप त्याला कळलं असं वाटलं आणि किल्ली त्याने सोडून दिली.

बुधवारी सकाळी तो म्हणाला की सुट्टीत लॅबमध्ये एकदा डोकावून यायचं असतं, मशीनं वगैरे. हे अर्धं खरं होतं. किल्ली त्याच्याकडे होती. अण्णांनी आधीच मफलर गुंडाळलेला. "मीही येतो," ते म्हणाले. "तू कुठे बसतोस ते तरी बघू." चालत वीस मिनिटं. रस्त्यात कोणी नव्हतं, फक्त त्यांच्या दोघांच्या बुटांचा आवाज, आणि अण्णा मधूनच ओठ हलवत होते, बहुतेक पावलं मोजत होते. त्याला वाटलं आपण असेच चालत राहावं, लॅब येऊच नये, गुरुवारही येऊ नये.

लॅब थंडगार होती. मेणाचा आणि प्लास्टरचा शिळा वास. त्याने दिवे लावले तशी भिंतीच्या फळ्यांवरची शंभर-दीडशे तोंडं एकदम उजळली, पांढरी, मुकी, प्रत्येकाच्या पायाशी नंबर. अण्णा हात मागे बांधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. एका साच्यापाशी वाकले. मग त्याच्या टेबलाजवळ येऊन स्टुलावर बसले आणि तिथली रंगांची पट्टी त्यांनी हातात घेतली, एका सळईला ओळीने लावलेले नमुन्याचे दात.

"हे सगळे पांढरेच तर आहेत."

"नाही अण्णा. सोळा रंग आहेत. तुमच्या वयाला..." तो थांबला.

अण्णांनी पट्टी त्याच्यापुढे धरली. "माझ्या वयाला कुठला?"

त्याने शेवटाकडच्या एका पिवळट दातावर बोट ठेवलं.

"आणि मला कुठला दिलाय?"

हीटर टिकटिक करत तापत होता. "पहिला," तो म्हणाला.

"तरीच," अण्णा म्हणाले. "आरशात बघितलं की वाटतं, बोहल्यावर चढायला निघालोय." दोघं हसले, आणि हसणं संपल्यावर अण्णांनी पट्टी टेबलावर जिथे होती तिथे ठेवली. "कधी कळलं तुला?"

किती सोपं होतं. केव्हाच, फोनवरच कळलं होतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, एवढं म्हटलं की झालं. खोटं पटलं असतं. अण्णा त्याच्याकडे बघत होते आणि त्या बघण्यात काही तरी आशाळभूत होतं, निकालाच्या फलकापुढे उभं राहिल्यासारखं, आणि ते बघूनच त्याच्या तोंडून खरं निघून गेलं.

"तुम्ही आल्याच्या दुसऱ्या दिवशी. बाथरूममध्ये. ग्लासात दिसली."

"फोनवर नाही?"

"नाही."

अण्णांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "दर रविवारी तुला साठीतला एकेक आकडा देत होतो. बागेला सहासष्ट फेऱ्या होतात का रे माझ्याने? बाराला दम लागतो. म्हटलं, हा बसमधल्या बाईचं ओळखतो, आपलं आज नाही तर पुढच्या रविवारी ओळखेल. तुझी आई म्हणायची, सरळ सांगून टाका. मी म्हटलं, नाही. एकदा त्याच्या कामाला मी नाव ठेवलंय. आता त्याने आपणहून म्हणावं की अण्णा, हे कोणी केलं, मी नीट करून देतो. मग मी म्हणणार होतो..."

"काय?"

"आठवत नाही आता. तेव्हा पाठ होतं."

"मी भांडी घासत असायचो," तो म्हणाला.

"हो," अण्णा म्हणाले. "नळ ऐकू यायचा मला."

त्याला भयंकर लाज वाटली. पाठीवरून कानापर्यंत चढत गेलेली, कढत लाज. इतके दिवस तो स्वतःच्या समजूतदारपणाला गोंजारत होता, सकाळी उशिरा उठत होता, आणि हा माणूस रोज रात्री तो ग्लास मुद्दाम फळीवर, त्याच्या ब्रशाला खेटून ठेवत होता. त्याने बेसिनवर जाऊन हात धुतले. दोनदा धुतले. मग नळ घट्ट बंद केला आणि समोर येऊन म्हणाला, "काढा."

अण्णांनी पाठ फिरवून कवळी काढली आणि रुमालात धरून त्याच्या हातात दिली. कोमट होती. आजवर शेकडो कवळ्या त्याच्या हातातून गेल्या, सगळ्या थंड. अण्णा वळले तेव्हा त्यांचा चेहरा खालून दुमडलेला होता, हनुवटी नाकाकडे सरकलेली, आणि ते एकदम कोणाचे तरी आजोबा दिसायला लागले. "तोंड उघडा," तो म्हणाला. कामाच्या खणातली निळी पेन्सिल ओली करून त्याने एका हाताने त्यांची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट आत घातलं. आतमध्ये फार ऊब होती. गाल, जीभ, आणि डावीकडे अगदी मागे, मसुराएवढी सोललेली जागा. ती हाताला लागताच अण्णांच्या पापण्या थरथरल्या, पण ते हलले नाहीत. त्याने तिथे पेन्सिल टेकवली. त्या एका क्षणी दोघांनाही ते जेवतानाचं जुनं वाक्य आठवलं, हे त्यांना एकमेकांच्या डोळ्यांत दिसलं. अण्णांनी तोंड उघडंच ठेवलं.

कवळी घालून, चावायला लावून त्याने परत काढली. गुलाबी कोपऱ्यावर निळा ठिपका उमटला होता, त्याने पहिल्या दिवशी बघितला होता बरोबर तिथेच. त्याने मोटर लावली. गुलाबी भुकटी टेबलावर सांडू लागली. अण्णा मान पुढे काढून बघत होते. कड घासली, गुळगुळीत केली, अंगठ्याने चाचपली, पुन्हा जराशी घासली. मोटर बंद झाल्यावर दात नसलेल्या तोंडाने अण्णांनी विचारलं, किती काढलंस.

"दोन मिलिमीटर."

एवढ्यानेच? त्यांनी भुवया उंचावल्या.

"एवढ्यानेच बांध सरकतो," तो म्हणाला.

कवळी धुऊन त्याने त्यांना दिली. अण्णांनी ती बसवली, दोनदा दात मिटले, जीभ डावीकडे नेली आणि तिथेच ठेवली. डोळा बारीक झाला नाही. तो समोर दुसरं स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "म्हणा."

"साठ," अण्णा म्हणाले. "एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट." त्याने डोळे मिटून घेतले. शिट्टी होतीच. ती घालवायला दोन दिवस लागले असते आणि विमान उद्याचं होतं. पण तो शिट्टी ऐकत नव्हता. शिट्टीच्या मागे थोडी धाप होती, ती तो पहिल्यांदा ऐकत होता. चौसष्टला आवाज जरा खरवडला. सहासष्टला, बागेच्या त्या न मारलेल्या फेऱ्यांना, हसू होतं. अडुसष्टला थकवा होता. त्याला वाटलं, हे माझे वडील आहेत, आज, या वयाचे. "एकोणसत्तर. सत्तर."

"दुखतं?"

"नाही."

"परत म्हणा."

"आता कशाला? दुखत नाही म्हटलं ना."

"आधीचे नळाच्या आवाजात गेले," तो म्हणाला.

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग स्टुलावरून उठले, मफलर सैल केला आणि फळ्यांच्या कडेने, त्या सगळ्या मुक्या तोंडांसमोरून, एकेक पाऊल मोजून टाकत खोलीच्या पार पलीकडच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. तिथे वळून त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि शेताच्या दुसऱ्या टोकावरून पुकारावं तसं पुकारलं, "साठ."